दिवा आणि नोंदवही

मंडळाच्या स्मरणिकेत दर खेपेस एका थोर स्त्रीचे चरित्र असावे, ही आपली जुनी प्रथा. अहल्याबाई होऊन गेल्या, पंडिता रमाबाई होऊन गेल्या, आनंदीबाई जोशी तर दोनदा होऊन गेल्या. यंदा चिटणीसबाईंनी हे काम मजवर सोपविले आणि व्यक्तीही त्यांनीच ठरवून दिली. मी बत्तीस वर्षे इस्पितळात परिचारिका होते. तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर लिहावयास माझ्यावाचून दुसरे कोण, असा त्यांचा सरळ हिशेब. मला नाही म्हणता आले नाही. पण लिहावयास बसले तेव्हा ध्यानात आले की, ज्या बाईंच्या नावाने आम्ही हातात पेटता दिवा घेऊन शपथ वाहिली, त्यांच्याविषयी त्या दिव्यापलीकडे मला ऐन नोकरीत फारसे ठाऊकच नव्हते. ती शपथही त्यांची नव्हे. ती १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे रचली गेली आणि बाईंचे नाव तिला आदराने जोडले गेले. हे मला कळले ते निवृत्तीनंतर!

म्हणून दिव्याची गोष्ट मी थोडक्यात आटोपणार आहे. मला सांगावयाची आहे ती त्यांच्या वहीची. आपल्या मंडळाच्या रुग्णसाहित्याच्या कपाटाची वही मी किती कडकपणे ठेवते, वॉकर नेला, एअरकुशन नेले, तर तारीख, वेळ, वस्तूची स्थिती आणि सही घेतल्याशिवाय किल्ली फिरवीत नाही, यावरून माझी थट्टा होते हे मला माहीत आहे. ती थट्टा करणाऱ्या भगिनींनी हा लेख अवश्य वाचावा.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. आईबाप इंग्लंडातले श्रीमंत जमीनदार, प्रवासास निघालेले. ज्या गावी मूल झाले त्या गावाचे नाव मुलीस ठेवले. थोरल्या बहिणीचा जन्म नेपल्सचा, म्हणून तिला नेपल्सचे जुने ग्रीक नाव पार्थेनोपी मिळाले. मानाने फ्लॉरेन्सचे नशीब बरेच म्हणायचे. वडील विद्याव्यासंगी होते. त्यांनी दोघी मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकविले. थोरलीला त्यात गोडी नव्हती, धाकटीला फार होती. आणि तिला त्याहून गोडी होती ती गणिताची. आकड्यांचा तक्ता वाचावयास मिळाला की तिला कादंबरी मिळाल्यासारखे वाटे. त्या काळच्या श्रीमंत घरातल्या मुलीने पियानो वाजवावा, भरतकाम करावे आणि योग्य वराची वाट पाहावी, एवढीच अपेक्षा असे. सतराव्या वर्षी, ७ फेब्रुवारी १८३७ रोजी, आपणांस ईश्वराने सेवेसाठी बोलाविले आहे असे तिला वाटले. कोणती सेवा, हे कळावयास मात्र बरीच वर्षे गेली.

१८४५ साली तिने सॉल्सबरीच्या इस्पितळात काही महिने राहून शुश्रूषा शिकण्याची इच्छा घरी सांगितली, तेव्हा घरात आकांत झाला. आकांताला कारणही होते. त्या काळची इंग्लंडमधील इस्पितळे म्हणजे गोरगरिबांनी मरावयास जाण्याची जागा. तेथे काम करणाऱ्या बायकांबद्दल दारूबाजीपासून पुढचे सगळे बोलले जाई. एका चांगल्या, विद्वान, तिलाही आवडणाऱ्या गृहस्थाने कित्येक वर्षे वाट पाहून लग्नाचे विचारले, तिने नाही म्हटले. अखेर १८५१ साली जर्मनीत कायझर्सव्हर्थ येथील सेविकांच्या आश्रमात तीन महिने शिकावयास मिळाले, आणि १८५३ साली वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड नेमून दिले, तेव्हा ती मोकळी झाली. तेहेतिसावे वर्ष उजाडले होते. आपल्याकडे अजूनही काही मुलींना जे घडते ते त्या श्रीमंत घरात घडले, यापलीकडे त्यावर मी काही लिहीत नाही.

येथून पुढे मी त्यांना बाई म्हणेन.

बाईंना पहिले काम मिळाले ते लंडनमध्ये हार्ले स्ट्रीटवरील, आजारी व निराधार अशा सुशिक्षित स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाचे. चरित्रकार हे वर्ष भरभर ओलांडून क्रिमियाकडे धावतात. मला विचाराल तर मी येथेच थांबेन. कारण बाईंनी तेथे पहिल्याप्रथम पाहिले ते हे, की परिचारिकेचा दिवस जातो कशात? तो जात होता जिन्यांत. गरम पाणी खाली, स्वयंपाक खाली, रोगी वर. बाईंनी प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी आणविले. जेवण वर चढविण्यास रहाटाची पेटी बसविली. रोग्याने घंटा ओढली की त्याच मजल्यावर परिचारिकेच्या दाराबाहेर ती वाजावी, आणि कोणाची घंटा वाजली हे दिसण्यासाठी तिथली झडप उघडीच राहावी, अशी योजना केली. त्यात दयामायेचा शब्द कोठे नाही. पण ज्या बाईने एका रात्रीत चाळीस खाटांच्या वॉर्डात भांडे देण्यासाठी फेऱ्या घातल्या आहेत, तिला त्या झडपेत जेवढी माया दिसेल तेवढी गोड शब्दांत दिसणार नाही.

१८५४ साली इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्तान यांचे रशियाशी क्रिमियात युद्ध जुंपले. जखमी व आजारी इंग्रज सैनिकांना काळा समुद्र ओलांडून कॉन्स्टँटिनोपलसमोर स्कुतारी येथे आणीत. तेथील हलाखीची वार्तापत्रे लंडनच्या टाइम्समध्ये येऊ लागली आणि देश हादरला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट बाईंचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून बाई ३८ परिचारिका घेऊन निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुतारीच्या बराकीतील इस्पितळात पोहोचल्या. डॉक्टरांना त्या नको होत्या. त्यांनी बोलाविल्याशिवाय एकाही रोग्यास हात लावावयाचा नाही, असे बाईंनी आपल्या बायकांना बजावले आणि त्या बायका जखमी डोळ्यांसमोर असताना चादरी व उशा शिवीत बसून राहिल्या. लवकरच जखमींची अशी रीघ लागली की डॉक्टरांनीच हाक मारली.

त्या इमारतीखालून तुंबलेली गटारे जात होती. पाणी अपुरे, टॉवेल नाहीत, घमेली नाहीत. मांस मोठ्या काहिलीत, ज्याने त्याने खूण बांधून टाकायचे. ज्याच्या वाट्याला हाड आले त्याने हाड चघळायचे. आणि वखारीत कपडे आलेले असत. परंतु ते पाहून मंजूर करणारी समिती बसल्याशिवाय गाठोडी सुटत नसत. कागद तेथेही होते, बरे का! कागदांना तोटा नव्हता. कागद माणसांच्या आड येत होते एवढेच. बाईंनी घर भाड्याने घेऊन बंब बसविले आणि सैनिकांच्या बायकांना धुणे दिले. अशक्त रोग्यांसाठी वेगळी चूल मांडली. लोकांनी पाठविलेल्या देणगीतून बाजारातून सामान घेतले आणि त्यातली वस्तू न् वस्तू टिपून ठेवली. पुढे १८५७ साली तो सगळा हिशेब त्यांनी छापून लोकांसमोर ठेवला. रात्री त्या हातात कंदील घेऊन मैलोगणती खाटांमधून फिरत, हेही खरेच. तो तुर्की पद्धतीचा, घड्यांचा कंदील होता. चित्रांत दाखवितात तशी ती पणतीसारखी दिवटी नव्हती. पण त्या फेरीनंतर, सगळे झोपल्यावर, त्या लिहीत बसत. काय आले, काय संपले, कोण गेला, त्याच्या आईला काय कळवायचे.

आणि तरीही माणसे मरत होती. हा भाग आमच्या शाळेत आम्हाला कोणी सांगितला नव्हता. बाई येऊन तीन महिने झाल्यावर, १८५५ च्या फेब्रुवारीत, त्या इस्पितळात शंभरांतले ४२ दगावत होते. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छतेचे एक आयोग आले. त्यांनी गटारे धुऊन काढली, साचलेला मैला गाड्या भरभरून काढला, भिंतींना चुना दिला. पिण्याचे पाणी येत होते त्या वाटेत मेलेला घोडा सापडला! जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शेकडा दोनवर आले.

त्या वेळी बाईंना याचा पुरता अर्थ लागला नव्हता. रोगी आघाडीवरून उपाशी, अर्धमेल्या अवस्थेत येतात, उशिरा येतात, म्हणून मरतात अशी त्यांची समजूत होती. १८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या घरी परतल्या. देशभर सत्काराची तयारी चाललेली, आणि ही बाई मिस स्मिथ असे खोटे नाव घेऊन, कोणाला न कळविता आपल्या गावी उतरली. क्रिमियात जडलेल्या तापाने शरीर कायमचे खिळखिळे झाले होते. तशा स्थितीत त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारे राजआयोग नेमविले आणि विल्यम फार या आकडेतज्ज्ञाला हाताशी धरून नोंदी उलगडावयास घेतल्या. हा फार गरीब घरचा मुलगा, डॉक्टर झालेला आणि जन्ममृत्यूच्या सरकारी कचेरीत आकड्यांत रमलेला. दोघांची जोडी छान जमली.

नोंदींची दशा पाहून दोघांनी कपाळाला हात लावला असेल. एकाच इस्पितळातले मृत्यू निरनिराळ्या बुकांत निरनिराळे; पुरलेली माणसे एका यादीत, तर मेलेली दुसऱ्या, आणि दोन्हींचा मेळ नाही. ते सारे जुळवीत गेल्यावर जे निघाले ते भयंकर होते. युद्धात जखमांनी मेले त्याच्या कित्येक पट सैनिक कॉलरा, हगवण, विषमज्वर अशा टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते, आणि त्यांत पुष्कळांना इस्पितळानेच मारले होते. त्यांच्या स्वतःच्या इस्पितळाने. ज्याच्या बोळांतून त्या कंदील घेऊन फिरल्या, त्या इस्पितळाने.

हे कळल्यावर बाईंनी काय केले? ते छापले. १८५८ साली त्यांनी सैन्याच्या आरोग्यावर एक प्रचंड टिपण तयार केले आणि राजकारणी लोक आकड्यांचे तक्ते वाचीत नाहीत हे ओळखून त्याचे चित्र काढले. एका बिंदूभोवती बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. निळा भाग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा बाकीच्यांचा. निळा भाग फुगत जातो आणि आयोग आल्यावर आवळत येतो, हे लिहितावाचता न येणाऱ्यालाही दिसावे. त्याच साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेत तोवर एकही स्त्री नव्हती.

येथे मला माझी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती टाळूनच लेख लिहावा असा प्रथम बेत होता. पण वरचा परिच्छेद लिहिल्यावर टाळणे बरे दिसेना.

नोकरीच्या सहाव्या की सातव्या वर्षी, इस्पितळाचे नाव सांगत नाही, मी रात्रपाळीला चार्ज घेतला. दिवसपाळीच्या सिस्टरला शेवटची बस गाठावयाची होती. तिने जिन्यातच तोंडी चार्ज दिला. शस्त्रक्रिया झालेल्या एका प्रौढ बाईंना वेदनांचे इंजेक्शन लिहिलेले होते. चार्टवर ते दिल्याची खूण नव्हती, म्हणून मी दिले. दिवसपाळीने ते अर्ध्या तासापूर्वीच दिले होते. त्या काळी आमच्याकडे दिलेल्या औषधांच्या नोंदी पाळी संपताना एकदम भरण्याची रीत होती, आणि त्या दिवशी त्या भरावयाच्या राहिल्या होत्या. थोड्या वेळाने बाईंचा श्वास मंद पडू लागला. डॉक्टर धावत आले. मी दोन तास त्यांच्या उशाशी बसून मिनिटाला किती श्वास ते मोजीत होते. सकाळी त्यांनी मला हाक मारून पाणी मागितले. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. जाताना त्यांनी मला केळी दिली.

मला सांगण्यात आले की, झाले ते झाले, रोगी वाचला, आता लिहून कशाला स्वतःचे आणि वॉर्डाचे नाव घालवतेस. मी लिहिले नाही. चार्टवर एकच इंजेक्शन राहिले. आणि नोंदी पाळी संपताना भरण्याची रीतही तशीच चालू राहिली, कारण तिच्यामुळे काही झाले आहे हे कोणत्याच कागदावर नव्हते. पुढे मी स्वतः सिस्टर-इन-चार्ज झाले तेव्हा औषध दिल्या जागीच, ट्रॉलीवरच, वेळ व सही घालण्याचा नियम माझ्या वॉर्डात केला, आणि चार्ज रोग्याच्या खाटेशी उभे राहून, चार्ट हातात घेऊन देण्याचा. मुली मला नियमवाली म्हणत. तो नियम कोठून आला, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. आज प्रथमच सांगत आहे.

असो. बाईंकडे वळू.

१८५७ नंतर बाईंचे बरेच आयुष्य खाटेवर गेले. खाटेवरूनच त्यांनी पुस्तके लिहिली, मंत्र्यांना भेटीस बोलाविले, हजारो पत्रे धाडली. त्यांचे शुश्रूषेवरील टिपणांचे लहानसे पुस्तक १८६० च्या सुमारास घरोघरी गेले. ते परिचारिकांसाठी नव्हते, घरात आजाऱ्याची देखभाल करणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्या बायकांसाठी होते. त्यातील एक प्रकरण बारीकसारीक व्यवस्थेवर आहे आणि सगळ्या पुस्तकाचा प्राण माझ्या मते तेच. त्यांचे म्हणणे असे, की तुम्ही हजर असताना रोग्याचे सगळे यथास्थित होते यात विशेष नाही. तुम्ही नसताना ते होते का हे पाहा. मीच सगळे करीन म्हणणारी बाई भक्तीने कितीही झिजली तरी ती आजारी पडली, बाहेर गेली की रोग्याचे हाल. आपण चार दिवस माहेरी गेलो म्हणजे घरात काय होते, आणि कोठला डबा कोठे आहे हे फक्त आपल्यालाच ठाऊक असल्याचा आपल्याला किती अभिमान असतो, हे आठवून पाहावे! बाईंनी त्या अभिमानाला चांगलेच फटकारले आहे.

दुसरे प्रकरण रोग्याच्या निरीक्षणाचे. रात्र कशी गेली असे विचारले की बरी गेली असे उत्तर येते. त्यातून कोणालाच काही कळत नाही. सलग दहा तास झोप झाली नाही तर एखाद्याला रात्र वाईट गेलीशी वाटते आणि मधून मधून नुसती डुलकी लागली तरी दुसऱ्याला ती वाईट वाटत नाही. तेव्हा विचारायचे ते किती तास झोप लागली, कोणत्या वेळी लागली, कशाने जाग आली. रोग्याने जेवण घेतले का असे नव्हे, ताटात किती उरले, आणि का उरले: नको होते, का भलत्या वेळी आले, का कोणी भरवावयास नव्हते? सध्या घरी सासूबाईंची सेवा करणाऱ्या आपल्या दोन भगिनींना मी एक साधी वही आखून दिली आहे. वेळ, दिलेली वस्तू, किती घेतली, लघवी, झोप. डॉक्टर आता त्यांच्याकडून ती वही मागून घेतात असे ऐकते.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात, लोकांनी बाईंच्या सन्मानार्थ जमविलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. प्रत्येक विद्यार्थिनीमागे मेट्रनने दरमहा एक तक्ता भरावयाचा: वक्तशीरपणा, विश्वासूपणा, टापटीप, मग जखमा बांधणे, जळवा लावणे, एनिमा, खाटा बदलणे, रोग्याचे निरीक्षण. आमच्या वेळच्या प्रॅक्टिकलच्या वहीचे कूळ येथेच आहे. पण गंमत पाहा. दहाएक वर्षांनी बाईंनी जवळून चौकशी केली तेव्हा आढळले, की तक्ते भरले जात होते आणि शिकवणे धड होत नव्हते. व्याख्याने देणारे डॉक्टर आपले काम टाळीत होते. कागद नेटका आणि काम पोकळ! बाईंनी मग विद्यार्थिनींना स्वतः भेटावयास बोलावून एकेकीकडून ऐकून घेण्याचा क्रम धरला आणि शाळेची घडी पुन्हा बसविली.

त्याच १८६० साली लंडनला आकडेतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत बाईंनी सर्व इस्पितळांसाठी एकच नमुना मांडला: वर्षारंभी किती रोगी होते, किती आले, किती बरे झाले, किती सुधारले, किती मेले, किती राहिले, रोगवार, वयवार, स्त्रीपुरुष वेगळे, आणि किती दिवस राहिले. आज हे आपणांस इतके साधे वाटते की यात शोध तो काय, असे कोणीही म्हणेल. पण तोवर प्रत्येक इस्पितळ आपल्या तऱ्हेने मोजी, म्हणून एकाची तुलना दुसऱ्याशी होत नसे. लंडनच्या काही मोठ्या इस्पितळांनी ते नमुने वापरले. पुढे ते मागे पडले. रोगांच्या नावांवर डॉक्टरांचे एकमत होईना आणि भरावयास ते किचकट होते. १८६३ साली तर बाई व फार स्वतःच आकड्यांत फसले. वर्षभरातील मृत्यूंना त्यांनी एका ठराविक दिवशी खाटांवर असलेल्या रोग्यांनी भागले, त्यामुळे लंडनच्या इस्पितळांत शेकडा नव्वद मरतात असा तक्ता निघाला. डॉक्टर खवळले, आणि या बाबतीत डॉक्टर बरोबर होते.

हिंदुस्थानात बाई कधीच आल्या नाहीत. १८५९ साली येथील सैन्याच्या आरोग्यासाठी आयोग बसले तेव्हा त्यांनी प्रश्नावली तयार करविली आणि ती छावणीछावणीत धाडली. मुंबई इलाख्यातील छावण्याही त्यांत आल्या. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, एका शिपायास किती जागा? उत्तरांच्या गाड्या भरून लंडनच्या घरी आल्या, बाईंनी त्या खाटेवर पडून वाचल्या. त्या काळी येथील गोऱ्या शिपायांत वर्षाला हजारी ६९ मरत. १८७३ पर्यंत हा आकडा १८ वर आल्याचे त्यांनी नोंदविले आहे. प्रथम त्यांचे लक्ष फक्त शिपायांकडे होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु उत्तरे वाचता वाचता बराकीबाहेरचे खेडे त्यांना दिसू लागले. पुढे दुष्काळ, कालवे, ग्रामस्वच्छता यांवर त्या शेवटपर्यंत लिहीत राहिल्या. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांनी खेड्यांच्या स्वच्छतेसंबंधी पत्रव्यवहार केला होता.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. १८६० नंतर लवकरच बाईंच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात सुईणींच्या शिक्षणासाठी बाळंतिणींचा एक वॉर्ड निघाला. खेडोपाडी शिकलेली सुईण असावी, हा हेतू. वॉर्ड स्वच्छ, परिचारिका चांगल्या, नाव बाईंचे. आणि तेथे बाळंतिणी सूतिकाज्वराने मरू लागल्या. पाच-सहा वर्षांत ७८० बाळंतपणे झाली आणि २६ बाया गेल्या. म्हणजे हजारी तेहेतीस. १८६७ साली वॉर्ड बंद करण्यात आला. दुसरी कोणी असती तर गोष्ट तेथेच मिटली असती. संस्था बंद झाल्या की त्यांचे कागदही कपाटात बंद होतात, हे आपण पाहतोच.

बाईंनी विचारले, की मुळात किती बायका बाळंतपणात मरतात? ते कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. मग त्यांनी डॉक्टर सदरलँड यांच्या मदतीने इंग्लंडातून व युरोपातून आकडे मागविले. मोठी सूतिकागृहे, अनाथालये, आणि घरची बाळंतपणे. चार वर्षे त्यात गेली. निघाले ते असे, की इंग्लंडात सरासरीने हजारी पाच बायका मरत. म्हणजे मजुराच्या झोपडीत, अडाणी सुईणीच्या हाती बाळंत होणारी बाई बाईंच्या स्वतःच्या वॉर्डापेक्षा कितीतरी सुखरूप होती. १८७१ साली त्यांनी हे पुस्तकरूपाने छापले आणि त्यात आपल्या वॉर्डाचे आकडे इतरांच्या रांगेत, जसेच्या तसे घातले. हे पुस्तक त्यांनी सॉक्रेटिसाच्या आईला अर्पण केले. ती सुईण होती.

त्यांचे निदान पूर्ण नव्हते. दूषित हवेने रोग होतो, ही जुन्या काळची समजूत त्यांच्या मनातून जावयास फार दिवस लागले. व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ सालीच, डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्यात हात धुतले म्हणजे बाळंतिणी वाचतात, हे मोजून दाखविले होते. बाईंनी उपाय सुचविला तो बाळंतिणींची गर्दी मोडण्याचा. लहान लहान घरे, एकेकीला वेगळी खोली, दवाखान्याच्या इतर रोग्यांपासून दूर. कारण अर्धवट कळले असूनही उपाय पुष्कळसा बरोबर निघाला, कारण तो मोजणीतून आला होता. सुईणींची ती शाळा मात्र त्या पुन्हा उघडू शकल्या नाहीत.

उत्तरायुष्यात त्या हट्टीही झाल्या. परिचारिकांची परीक्षा घेऊन त्यांची सरकारी यादी ठेवावी, अशी चळवळ १८८७ पासून इंग्लंडात सुरू झाली, तिला बाईंनी कडाडून विरोध केला. जन्मभर सगळे लिहून काढावयास लावणाऱ्या या बाईंना परिचारिकांचीच नावे यादीत नको होती! चारित्र्य व कळवळा परीक्षेच्या कागदावर उतरत नाही, असा त्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. परंतु माझे रजिस्ट्रेशन नसते तर मला रात्रपाळीचे वेतन कोणत्या दराने मिळाले असते, याचा विचार मी केला आहे. त्यांच्या पश्चात १९१९ साली इंग्लंडात तो कायदा झाला.

शेवटची काही वर्षे दृष्टी गेली, पुढे स्मृतीही मंदावली. १९०७ साली राजाने ऑर्डर ऑफ मेरिट दिली. ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील राहत्या घरी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या झोपेतच गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजेरजवाड्यांच्या शेजारी जागा देऊ केली होती. घरच्यांनी बाईंच्या इच्छेप्रमाणे ती नाकारली आणि हँपशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यात आईवडिलांपाशी त्यांना नेले. तेथील दगडावर त्यांच्यासाठी पूर्ण नाव नाही. एक क्रूस, नावाची दोन आद्याक्षरे, आणि जन्म व मृत्यूच्या तारखा.